लॅपटॉपराव, माडी खाली करा

श्री. रा. रा. लॅपटॉपराव यांसी,
मु. आमची माडी, खिडकीखालचं टेबल, शिवाजी पेठ, कोल्हापूर

सा. न. वि. वि.

रात्रीचे पावणेदोन वाजलेत. हे पत्र मी वहीच्या कागदावर बॉलपेननं लिहितोय. तुमच्याविरुद्धची फिर्याद तुमच्याच कीबोर्डवर बडवायची म्हणजे चोराच्याच हातून पंचनामा लिहून घ्यायचा. शिवाय मध्येच अपडेट आलं की तुम्ही अर्धा तास डोळे मिटून बसणार. तुम्हाला झोप लागते हो, हवी तेव्हा.

आठवतंय का, आमच्याकडं कसे आला होता? मार्च 2020. एकवीस दिवसांची टाळेबंदी लागायच्या जरा आधी पुण्याच्या ऑफिसानं तुम्हाला माझ्या पाठीवर बसवून घरी धाडलं. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. ओवाळला मला, पण पाठीवर तुम्ही होता, म्हणजे तुमचीही दृष्ट निघाली. चार दिवसांचा पाहुणा म्हणून माडी दिली. पुढं ऑफिसानं पुण्यातली जागाच सोडली आणि तुमचा मुक्काम पक्का झाला. भाडं नाही, डिपॉझिट नाही, लाइटबिल आमचं. पेठेतल्या जुन्या घरांत वर्षानुवर्षं न हलणारे भाडेकरू आहेत, पण तेसुद्धा रात्री घरमालकाला झोपू देतात.

खंडेनवमीला तर तुमचा थाट बघावा. आजोबांच्या मुदगलांची जोडी, बाबांचा पाना-पक्कड, आईची विळी, आणि मधोमध तुम्ही, डोक्यावर झेंडूचं फूल. बाकीची हत्यारं पूजेनंतर मुकाट पडून राहिली. तुम्ही फुलाखालनंच 'टुंग' केलंत. तिकडच्या साहेबाला खंडेनवमी कुठली ठाऊक?

साहेबाबद्दल माझी तक्रार नाही, पगार त्याचाच आहे. न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा पेठेत संध्याकाळचे सात झालेले असतात, हिवाळ्यात आठ. निवृत्ती चौकात अर्ध्या शिवाजी पुतळ्याभोवती गर्दी जमायला लागते आणि मला कानात 'गुड मॉर्निंग' ऐकू येतं. चालायचंच. पण पाळी रात्री अकराला संपते आणि तुम्ही दीडला. मधल्या अडीच तासांची ही फिर्याद आहे.

आता लोक तुमच्यावर पहिला आरोप करतात तो उजेडाचा. निळा प्रकाश, निळा प्रकाश म्हणून एवढी बोंब झालीय, की माझ्या धाकट्या भावानं पिवळ्या काचेचा चष्मा आणलाय. तो घालून तो रात्री दोनपर्यंत मोबाईल बघतो. या आरोपात तथ्य आहे, नाही असं नाही. अंधार पडला की मेंदूतली एक ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. येल विद्यापीठातले आरन लर्नर हे त्वचेचे डॉक्टर. त्यांनी 1958 साली गुरांच्या या ग्रंथींतून ते वेगळं काढलं. डोळ्याच्या पडद्यात अशा काही पेशी आहेत, ज्यांना चित्र बघण्यापेक्षा दिवस की रात्र एवढंच कळण्यात रस असतो. त्यांना निळसर उजेड दिसला की त्या वर कळवतात, अजून दिवस आहे, वर्दी थांबवा. तुम्ही ती वर्दी अडवता.

पण किती? बोस्टनच्या संशोधकांनी 2014 साली बारा जणांवर प्रयोग छापला. रोज झोपण्याआधी चार चार तास, काही दिवस उजळ पडद्यावर वाचन, काही दिवस छापील पुस्तक. पडद्याच्या दिवसांत त्यांचं मेलाटोनिन निम्म्याहून खाली आलं, शरीराचं घड्याळ दीड तास मागं पडलं, दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे जड. एवढं होऊन झोप लागायला उशीर झाला तो सरासरी दहा मिनिटांचा. दहा! लॅपटॉपराव, माझे अडीच तास जातात. उरलेल्या दोन तास वीस मिनिटांचा हिशेब उजेडाच्या खात्यावर कसा मांडू? तुमचा उजेड हा खिसेकापू आहे. दरोडेखोर त्याच्या मागं उभा आहे.

तो दरोडेखोर असा येतो. अकराला काम संपतं. मनात येतं, दिवसभर दुसऱ्यासाठी राबलो, आता हा वेळ माझा. चिनी पोरांनी याला 'सूड म्हणून जागरण' असं नाव दिलंय, आणि ते इतकं नेमकं आहे की ऐकल्यावर लाज वाटली. सूड कुणावर? तर स्वतःच्या उद्याच्या सकाळवर. मग कुस्तीची एक जुनी क्लिप. तिच्याखाली दुसरी. पान संपतच नाही, कारण ते संपू नये अशीच रचना आहे. 2006 साली एझा रास्किन नावाच्या माणसानं हे तळ नसलेलं पान काढलं आणि पुढं जाहीरपणे त्याचा पश्चात्तापही केला. 2017 साली नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज तर बोलून गेले, की आमची स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे. एवढा प्रामाणिक चोर आमच्या पेठेत जन्माला आला असता तर त्याची मिरवणूक काढली असती.

तेवढ्यात बाजूला ऑफिसचा एक निरोप चमकतो. 'उद्या बोलू.' दोनच शब्द. काय बोलायचंय? चूक सापडली? माणसं कमी करणार? मग मी दिवा मालवून त्या दोन शब्दांचं कीर्तन छताकडं बघत ऐकतो. छाती धडधडते, पायाच्या पोटऱ्यांत मुंग्या. तीनला डोळा लागतो आणि पाचला उघडतो.

जागरणाचं मला वावडं नाही. कोल्हापूरच्या माणसाला जागायला सांगावं लागतं का? विसर्जनाची मिरवणूक असते, वर्ल्ड कप असतो, कुणाच्या घरी जागरण-गोंधळ असतो. पण त्या प्रत्येक जागरणाला सकाळ होती. कोजागरीला लक्ष्मी वर्षातनं एकदा विचारते, कोण जागं आहे? तुम्ही तोच प्रश्न रोज विचारता, आणि मसाला दुधाचा पत्ता नाही.

आणि मी राहतो कुठं बघा. घरापासनं चार पावलांवर तालीम. तिथली पोरं पहाटे उठून जोर-बैठका मारतात, लाल मातीत उतरतात, खुराक घेतात आणि दुपारी ताणून देतात. झोप हा त्यांच्या मेहनतीचाच भाग. एकदा पहाटे पाचला मी उभ्या मारुतीपाशी तारवटल्या डोळ्यांनी उभा होतो, तर वस्ताद म्हणाले, "आज लवकर उठलासा?" मी हो म्हणालो. मारुतीसमोर खोटं बोललो, त्याचं पापही तुमच्या खात्यावर लिहा. पलीकडं अंबाबाईच्या देवळात रात्री शेजारती होते, देवीला निजवतात, दारं लागतात. जिच्या दाराशी साऱ्या महाराष्ट्राची गाऱ्हाणी येतात ती वेळेवर निजते. आणि मी? मला कुणीतरी दोन शब्द पाठवलेत म्हणून जागा.

यातनं जे व्हायचं ते झालं. चहात साखर कमी म्हणून आईवर ओरडलो. रंकाळ्याला फिरायला जाणं सुटलं. कट्ट्यावरचे मित्र हाका मारून दमले. शाहू स्टेडियमवर फायनल असताना मी माडीवर अंधारात पडून होतो, आणि वाईट हे, की जायची इच्छाच झाली नाही. पेठेतला माणूस फुटबॉलची फायनल चुकवतो तेव्हा घरच्यांनी डॉक्टरकडं न्यायलाच हवं. भावानं नेलं.

डॉक्टरांनी माझी झोप विचारली नाही. विचारलं, "लॅपटॉप कुठं झोपतो?"

मी म्हणालो, उशाशी.

ते हसले नाहीत. म्हणाले, झोप उडाली की मन खचतं आणि मन खचलं की झोप उडते. पहिलं कुठलं ते शोधत बसू नका, जे हाताला लागतंय ते आधी धरा. अंथरूण फक्त झोपायला. पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून खाली येऊन बसा, डोळे जडावले की परत जा. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ एकच. (वाचणाऱ्यांपैकी कुणाची अवस्था माझ्यासारखी असेल आणि डॉक्टरकडं जायचा संकोच वाटत असेल, तर 14416 हा सरकारी टेलि-मानसचा नंबर 2022 पासून चालू आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.)

तुम्ही म्हणाल, एका आळशी माणसाचं रडगाणं. पण मी एकटा नाही. जपानात सुमारे 25 हजार कचेरीतल्या लोकांवर तीन वर्षं लक्ष ठेवून 2002 साली निष्कर्ष छापला होता, की दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त पडद्यापुढं बसणाऱ्यांत झोपेच्या आणि मनाच्या तक्रारी वाढतात. पाच तास! तेवढे तर माझे चहाच्या सुट्टीआधी होतात. उपाय शोधणारेही आहेत. 2018 च्या डिसेंबरात सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, की कामाची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क नोकराला असावा. त्याचा कायदा काही झाला नाही. फ्रान्सनं 2017 पासून असा हक्क दिलाय. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं दिल्लीची वाट बघितली नाही. 2022 साली त्यांनी ठरवलं: संध्याकाळी सातला भोंगा वाजणार, दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. मला फार हेवा वाटला. पण पेठेत असा भोंगा वाजवला तर कुठं भांडण लागलं बघायला सगळी पेठ रस्त्यावर येईल आणि त्याचं मोबाईलवर शूटिंग करेल.

शेवटी एक कबूल करतो. पन्हाळा इथनं हाकेच्या अंतरावर, आणि किल्ले फितुरीनं पडतात हे आम्ही पोरपणापासनं ऐकत आलोय. माझ्या माडीचा दरवाजा आतनं उघडणारा मीच. पण फितुराला माफी मिळाली म्हणून शत्रू सुटत नसतो. सबब, पंच म्हणून आई, भाऊ आणि वस्ताद यांच्या साक्षीनं हुकूम काढण्यात येत आहे: तुम्हाला रोज रात्री सव्वाअकरा ते सकाळी सातपर्यंत माडीतनं हद्दपार करण्यात आलंय. जिना उतरून खाली सोप्यात, आजोबांच्या मुदगलांशेजारी तुमची पथारी. त्यांच्याकडनं जमलं तर रात्री गप्प पडून राहायचं शिकून घ्या.

कळावे,
आपला अजून जागा असलेला,
घरमालक

ता. क. तुमचा चार्जर आईच्या ट्रंकेत आहे. किल्ली मागायला जाऊ नका, ती साडेनऊलाच झोपते.