अशासकीय सदस्य पाहिजेत

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, ई-निविदा आणि 'नावात बदल' यांच्या मधल्या फटीत महापालिकेचं एक आवाहन अधूनमधून छापून येतं. अमुक समितीवर अशासकीय सदस्य म्हणून काम करू इच्छिणाऱ्या नागरिकांनी सात दिवसांच्या आत विहित नमुन्यात अर्ज सादर करावेत. विहित नमुना संकेतस्थळावर असतो, संकेतस्थळ देखभालीसाठी बंद असतं आणि सात दिवसांत शनिवार, रविवार नि एखादी जयंती येऊन जाते. तरीही अर्ज येतात. आपल्या लोकशाहीची ताकद म्हणतात ती हीच, असं ते अर्ज बाजूला ठेवणारे अधिकारीसुद्धा मान्य करतील.

वास्तविक इच्छुकांना जागांचा तुटवडा नाही. वृक्ष प्राधिकरण १९७५च्या कायद्यापासून आहे. राज्यघटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ला लागू झाली आणि तीन लाख व त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात ७५ टक्के पालक. २०१४च्या कायद्याने नगर पथविक्रेता समिती दिली, तिच्यात किमान ४० टक्के खुद्द विक्रेते, तेही निवडून आलेले. शिवाय शांतता समिती, मोहल्ला समिती, दक्षता समिती. कागदावर पाहिलं तर नागरिकाला विचारल्याशिवाय महापालिकेला शिंकताही येऊ नये.

खेड्यांकडेही दुर्लक्ष झालेलं नाही. १५ ऑगस्ट २००७ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगाव तंटामुक्ती समित्या बसल्या आणि त्यांच्या अध्यक्षपदावरून गावात नसलेले तंटेही उभे राहिले. त्याहून रंजक कथा जैवविविधता समितीची. २००२च्या कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने आणि महापालिकेने ही समिती नेमायची आणि परिसरातल्या झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांची, बियाणांची लोकजैवविविधता नोंदवही करायची. चौदा वर्षांनी, २०१६ साली, देशभरात अशा समित्या दहा हजारसुद्धा भरत नव्हत्या. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली आणि पुढे दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील, असं राज्यांना बजावलं. बघता बघता समित्या अडीच लाखांच्या वर गेल्या. माळढोक कमी झाले, गिधाडं कमी झाली, पण अनुकूल हवामान मिळताच ही एक प्रजाती सगळ्या देशभर पसरली. आपण तिचे सदस्य आहोत ही बातमी काही सदस्यांपर्यंत अजून पोचायची आहे.

आता अर्ज कोण करतं ते पाहू. पहिले निवृत्त अभियंते. यांना रस्त्यांच्या दर्जाची अतोनात चिंता असते. ते खात्यात होते त्या तीस वर्षांत ती नव्हती, हा योगायोग. दुसरे संस्थापक-अध्यक्ष. यांच्या संस्थेला लेटरहेड असतं, शिक्का असतो, व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. सदस्य मात्र घरातलेच असतात. तिसरा एखादा तरुण, तो लॅपटॉप घेऊन येतो आणि 'डेटा काय सांगतो' अशी सुरुवात करतो. सभागृहातला प्रोजेक्टर चालत नाही हे कळल्यावर त्याचं सामाजिक कार्य हळूहळू ओसरतं. चौथा प्रकार दुर्मीळ. त्याच्या घरासमोर कचराकुंडी असते, एवढीच त्याची पात्रता. विषयाचं सर्वांत पक्कं ज्ञान त्यालाच असतं, म्हणून 'हितसंबंध' या कारणाखाली त्याचा अर्ज बाद होतो.

निवड कुणाची होते, हेही कायद्यातच आहे. प्रभाग समितीवर सेवाभावी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेता येतात आणि त्यांची नावं सुचवतात त्या भागातले नगरसेवक. त्यामुळे निवडणूक आटोपली की नगरसेवकांच्या मेव्हण्यांना, भाच्यांना आणि बूथ सांभाळणाऱ्यांना समाजसेवेचा एकदम उमाळा येतो. स्वीकृत नगरसेवकांचंही तसंच. पालिका प्रशासनाचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तीने सभागृहात बसावं, मतदान करू नये, नुसतं शहाणपण सांगावं, अशी ती मूळ कल्पना. पडलेल्या उमेदवाराला पालिकेचं विशेष ज्ञान असतंच, आपण कुणामुळे पडलो हे तो सप्रमाण सांगू शकतो.

२०२२पासून जवळपास चार वर्षं राज्यातल्या मोठमोठ्या महापालिकांत निवडून आलेलं कुणीच नव्हतं, प्रशासक होते. शहराला नागरिकांच्या सल्ल्याची सर्वांत जास्त गरज होती ती त्या काळात. नेमक्या त्याच काळात नगरसेवकांबरोबर प्रभाग समित्याही घरी गेल्या. तरीही दर प्रकल्पाच्या फलकावर 'लोकसहभागातून' हा शब्द होताच. लोक प्रकल्पाच्या शेजारून जात होते, तोच सहभाग.

समजा, या सगळ्यातून तुमची निवड झालीच. चौकात फ्लेक्स लागेल. त्यावर तुमच्या फोटोपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे असतील आणि तो फ्लेक्स अनधिकृत असेल. शाल, श्रीफळ, सत्कार. मग पाच महिने शांतता. मग एके दिवशी टपालाने सभेची सूचना येईल. ती ज्या सभेची असेल ती सभा आदल्या दिवशी झालेली असेल. पुढच्या वेळी तुम्ही शिपायाचा फोन नंबर घेऊन ठेवाल. अनुभवी सदस्य आणि नवखा सदस्य यांतला फरक एवढाच.

सभा अकराची असते. साडेअकराला सभागृह उघडतं. अध्यक्ष पदसिद्ध, म्हणजे मोठे साहेब, आणि मोठे साहेब मंत्रालयात. त्यांच्या वतीने उपायुक्त येणार असतात, ते व्हीसीवर असतात. शेवटी सदस्य-सचिव म्हणून एक तरुण अभियंता येतो. त्याच्याकडे आणखी तीन खात्यांचा अतिरिक्त कार्यभार असतो आणि चेहऱ्यावर त्या तिन्हींचा ताण. बटाटेवडे येतात. वड्यांच्याही आधी हजेरीपत्रक येतं. त्याचा वेग लक्ष देऊन पाहावा. विषयपत्रिका अजून वाटलेली नसते, माइकमधून खरखर चाललेली असते, पण हजेरीपत्रक मात्र पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत तीन मिनिटांत फिरून सह्यांसह फाइलीत जातं. तिथे सभेचं मुख्य कामकाज संपतं. पुढचे दोन तास तुम्ही बोललात तरी चालतं, न बोललात तरी चालतं. वडे गार होतात एवढंच.

कारण महापालिकेला तुमचं मत नको असतं, तुमची सही हवी असते. ती एकदा मिळाली की कुठल्याही निर्णयापुढे 'नागरिक प्रतिनिधींशी विचारविनिमय करून' असं लिहिता येतं. न्यायालयात, विधानसभेत, माहिती अधिकाराच्या उत्तरात हे शब्द फार उपयोगी पडतात.

खोटं वाटत असेल तर मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणाचं पाहा. तज्ज्ञ सदस्यच नेमलेले नाहीत, म्हणून २०१८मध्ये उच्च न्यायालयाने त्याचं काम रोखलं होतं. मग तज्ज्ञ नेमले गेले. २९ ऑगस्ट २०१९ला प्राधिकरणाने आरेतली २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ झाडं उपटून दुसरीकडे लावायला मंजुरी दिली. पाठोपाठ दोन तज्ज्ञांनी राजीनामे दिले. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू झाल्या आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबवा म्हणेपर्यंत त्यांनी बहुतेक काम उरकलं होतं. तज्ज्ञ नसतील तर झाडं तोडता येत नाहीत. तज्ज्ञ असले की येतात. समितीत तज्ज्ञ कशासाठी हवेत, हे याहून सोपं करून सांगता येणार नाही.

उरला तुमचा सल्ला. त्याचं काय होतं, ते इतिवृत्तात वाचायला मिळतं. आमच्याकडच्या एका समितीत पदपथाचा विषय निघाला. एक आजोबा उठून म्हणाले, "पदपथावर आधी ट्रान्सफॉर्मर, त्याच्यापुढे फ्लेक्सचा लोखंडी सांगाडा, त्याच्यापुढे चहाची टपरी. आम्ही चालायचं कुठून? मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एक बाई रस्त्यावरून चालताना रिक्षाच्या धक्क्याने पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. अजून अंथरुणात आहेत." सभागृह गप्प झालं. सदस्य-सचिवांनीही मान खाली घातली. इतिवृत्तात हे असं उतरलं: "मा. सदस्यांनी पदपथ सुशोभीकरणाबाबत समाधान व्यक्त करून काही उपयुक्त सूचना केल्या. सदर सूचनांची नोंद घेण्यात आली. चहापानानंतर सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न झाली."

अशी इतिवृत्तं वर्षानुवर्षं कायम होत आली आहेत. पुढच्या सभेतला पहिला विषय नेहमी तोच असतो, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. वाचत कुणी नाही. कुणीतरी "कायम, कायम" म्हणतं आणि गाडी पुढे सरकते.

या समितीत मात्र एक घोटाळा झाला. महिला सदस्यांची संख्या भरत नव्हती, म्हणून जिल्हा परिषदेतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेल्या एका बाईंचा अर्ज घाईत मंजूर केला गेला. त्या तज्ज्ञ नव्हत्या, त्यांची संस्था नव्हती, त्यांना भाषण येत नव्हतं. म्हणजे निवड अगदी निर्धोक. एकच गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. नोकरीतली उमेदीची सगळी वर्षं त्यांनी इतिवृत्तं लिहिण्यात घालवली होती.

'कायम, कायम' सुरू झालं तशा त्या उठल्या. मुलाच्या वयाच्या अभियंत्याला जुन्या सवयीने साहेब म्हणत बोलल्या, "साहेब, इतिवृत्त कायम करता येणार नाही. दुरुस्ती आहे. आजोबांनी समाधान व्यक्त केलं नव्हतं."

"मॅडम, भावना तीच आहे."

"भावना इतिवृत्तात लिहीत नाहीत, साहेब. कोण काय बोललं ते लिहितात. आणि नोंद कुणी घेतली? पदनाम घाला. कधीपर्यंत करणार? तारीख घाला."

"ते यथावकाश होईलच."

"यथावकाश कितव्या महिन्यात येतो?"

त्या दिवशी वडे गार झाले आणि परत गरमही करावे लागले. ट्रान्सफॉर्मर, सांगाडा, टपरी आणि मोडलेलं हाड अशा चारही गोष्टी इतिवृत्तात गेल्या. सांगाड्यापुढे एका कनिष्ठ अभियंत्याचं पदनाम आणि महिनाअखेरची तारीख पडली. महिनाअखेरीला सांगाडा निघाला. ट्रान्सफॉर्मर वीज कंपनीचा, तो अजून आहे; पण वीज कंपनीला गेलेल्या पत्राचा जावक क्रमांक बाई दर सभेत विचारतात. लॅपटॉपवाल्या तरुणाने वर्षभर आलेख दाखवले, निवृत्त अभियंत्यांनी काँक्रीटच्या मिश्रणावर व्याख्यानं दिली, प्राध्यापकांनी परदेशातल्या शहरांचे दाखले दिले. कार्यालयाने सगळ्यांचे आभार मानले. धास्ती घेतली ती फक्त या बाईंची.

अशा सदस्याचं काय करायचं, याचा प्रशासनाकडे तयार उपाय असतो: उपसमिती. 'इतिवृत्त लेखन पद्धती सुधारणा उपसमिती' स्थापन झाली, बाईंना तिचं अध्यक्षपद देण्यात आलं, पुष्पगुच्छही दिला. सोबत चार सदस्य असे निवडले की त्यांना सभेला येण्याची सवय नव्हती. गणपूर्ती होणार नाही, सभा होणार नाही आणि बाई अध्यक्ष म्हणून सुखात राहतील, असा हिशेब.

ठरल्या दिवशी अकरा वाजता सभागृहात बाई एकट्याच होत्या. त्यांनी अर्धा तास वाट पाहिली, गणपूर्तीअभावी सभा तहकूब केली आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी, त्याच विषयांसाठी तहकूब सभा सुरू केली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट लागत नाही, असं सभेच्या सूचनेत तळाशी छापलेलंच होतं. छापणाऱ्यांनी ते कधी वाचलं नव्हतं. ठराव अध्यक्षस्थानावरून मांडले गेल्याने सूचक-अनुमोदकांचा प्रश्नच उरला नाही. ठराव क्रमांक १: यापुढे हजेरीपत्रक सभेच्या शेवटी फिरवावे. ठराव क्रमांक २: सदस्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहावे आणि त्याला वाचून दाखवावे. ठराव क्रमांक ३: 'नोंद घेण्यात आली' या शब्दांपुढे पदनाम व तारीख नसल्यास नोंद घेतली नाही असे समजावे. तिन्ही ठराव सर्वानुमते मंजूर.

कागद आवक टेबलावर गेला. तिथल्या लिपिकाने पाहिलं, डावीकडे समास सोडलेला, संदर्भ क्रमांक बरोबर, विषय एका ओळीत, प्रती तीन. असा कागद त्याच्या टेबलावर बऱ्याच वर्षांत आला नव्हता. त्याने कौतुकाने तिन्ही प्रतींवर शिक्का मारला.

कार्यालयात सध्या मोठा पेच आहे. ठराव रीतसर मंजूर आहेत, रीतसर दाखल आहेत. ते फिरवायचे तर उपसमितीची सभा बोलवावी लागेल. आणि त्या सभेला, एकदा तरी, बाकीच्या चौघांना खरोखर हजर राहावं लागेल.