आपण कुठले?

मार्च 2023 मध्ये सरकारनं आमच्या शहराला मत विचारलं, तेही लेखी. 24 फेब्रुवारीलाच केंद्राची ना हरकत येऊन शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालेलं होतं. उरले होते जिल्हा, तालुका आणि महसुली विभाग. त्यांच्या नावाबद्दल 27 मार्चपर्यंत हरकती व सूचना मागवल्या. म्हणजे बारसं उरकलं, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि मग पाळण्याबद्दल कुणाचं काही म्हणणं आहे का, अशी चौकशी.

शहरानंही सरकारला निराश केलं नाही. दोन्ही बाजूंनी फॉर्म छापले, टेबलं लागली. फॉर्मवर मजकूर तयार होता. नाव, पत्ता आणि सही एवढीच जागा कोरी. मत लिहायला जागाच नव्हती, कारण ते प्रेसमधूनच येत होतं. विभागीय आयुक्तालयात गठ्ठ्यांवर गठ्ठे चढले आणि मतांची संख्या लाखांत गेली.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त हेडक्लार्क तेव्हा दोन्ही टेबलांवर सही करून आले. एका टेबलावर सख्खा पुतण्या बसला होता, दुसऱ्यावर वर्षानुवर्षांचा पानवाला. "दोघांपैकी कुणाला नाही म्हणू?" हा त्यांचा सवाल बिनतोड होता. "पण काका, तुमचं स्वतःचं मत काय?" असं विचारल्यावर त्यांनी आधी मागं पाहिलं, मग पुढं पाहिलं आणि म्हणाले, "घरी या, सांगतो." घरी गेलो, तर सूनबाई चहा घेऊन आल्या आणि विषय यंदाच्या उन्हावर गेला. काकांचं मत अजून माजघरातच आहे. सरकारदरबारी मात्र त्यांची दोन मतं नोंदलेली आहेत.

15 सप्टेंबरला अंतिम अधिसूचना निघाली आणि दुसऱ्याच दिवशी अख्खं मंत्रिमंडळ इथं बैठकीला हजर झालं. मधले साडेसहा-पावणेसात महिने आम्ही मुक्काम पोस्ट छत्रपती संभाजीनगर, जिल्हा औरंगाबाद होतो. दोन्ही पक्षांचं समाधान करणारा पत्ता या शहराला तेवढाच काळ लाभला.

वैयक्तिक मत आणि जाहीर मत यांतला फरक खरा कळतो तो राजकारण्यांना. 8 मे 1988 रोजी सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर बाळासाहेब ठाकरेंनी संभाजीनगर म्हणून टाकलं. ना ठराव, ना हरकती, ना सूचना. एका माणसाचं मत, माईकवर. 1995 ला महापालिकेनं ठराव केला, युती सरकारनं अधिसूचना काढली, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2001 मध्ये पुढच्या सरकारनं अधिसूचना मागे घेतली. मग 29 जून 2022 ला उद्धव ठाकरेंच्या मंत्रिमंडळानं संभाजीनगर मंजूर केलं. काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे मंत्री बसलेल्या बैठकीत! इतकं झकास एकमत आघाडीनं आधी दाखवलं असतं, तर त्याच रात्री राजीनामा द्यायची वेळ आली नसती. पुढच्याच महिन्यात शरद पवार इथं येऊन म्हणाले, हा निर्णय आम्हाला नंतर कळला, किमान समान कार्यक्रमात तो नव्हता. 16 जुलैला नव्या मंत्रिमंडळानं 'छत्रपती' जोडून तोच निर्णय पुन्हा घेतला. त्या मंत्रिमंडळात तेव्हा शिंदे आणि फडणवीस असे दोघंच होते. दोघांचं एकमत व्हायला फार वेळ लागत नाही. तिसरा आला की चहा लागतो.

पक्षांची पद्धत तर पाठच झाली आहे. नेता बोलला आणि टाळ्या पडल्या, तर ती पक्षाची भूमिका. अंगाशी आलं, तर ते त्यांचं वैयक्तिक मत. प्रवक्ता हे ज्या चेहऱ्यानं सांगतो, त्यावरून वैयक्तिक मत हा संसर्गजन्य रोग असावा असं वाटतं.

एलिझाबेथ नोएल-नॉयमान नावाच्या जर्मन बाईंनी 1974 मध्ये सिद्धांत मांडला, की आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस गप्प बसतो. तो गप्प बसला की ते मत आणखी अल्पमतात दिसतं आणि आणखी माणसं गप्प होतात. हे तपासायला त्या लोकांना विचारायच्या: पाच तासांचा रेल्वेप्रवास आहे, समोरच्या अनोळखी माणसानं अमुक विषय काढला, तर तुम्ही बोलाल का?

बाईंनी तपोवन एक्स्प्रेसमधून प्रवास केला असता, तर सिद्धांताला एक पुरवणी जोडावी लागली असती. आपल्याकडं गप्प बसायचा प्रश्नच नसतो. लासूर येण्याआधीच समोरचा विचारतो,

"आपण कुठले?"

"जालन्याचे."

"जालन्यात कुठं?"

"जुना जालना."

"असं का... आडनाव काय म्हणले?"

आडनाव कळलं की गाडी रुळावर येते. ते आपल्यातलं निघालं, तर "आता आपल्यातले म्हणून सांगतो" इथून सुरुवात होऊन मनमाडपर्यंत कुणाचीच खैर नसते. दुसरं निघालं, तर "तसं बघितलं तर नावात काय आहे हो, विकास पाहिजे". आणि आडनावावरून काहीच बोध झाला नाही, तर डबा उघडतो. माणूस तोच, सीट तीच. मत तेवढं समोरच्याच्या आडनावाप्रमाणं कापून, शिवून, इस्त्री करून मिळतं. ही मंडळी खोटं बोलतात असंही नाही. प्रत्येक वेळी त्यांना ते मनापासून पटलेलं असतं.

या सावधगिरीला कुणी भित्रेपणा म्हणू नये. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, तेव्हा या भागात दलितांची घरं जाळणाऱ्यांनी कुणाला मत विचारलं नव्हतं; वस्ती पाहिली होती. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. मत द्यायच्या आधी माणूस ओळखून घ्यायला इथं लोक उगाच शिकलेले नाहीत. चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल, की सरकारी तारखा आल्या की मी नाव घेतो, एरवी 'आमचं शहर' म्हणतो. मलाही शहागंजातून जावं लागतं आणि गुलमंडीवरूनही.

8 मे 2024 ला, म्हणजे मैदानावरच्या त्या भाषणाला बरोबर 36 वर्षं झाली त्या दिवशी, मुंबई उच्च न्यायालयानं नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. पुढं ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही दखल घ्यायला नकार दिला. कायद्यानं विषय संपला, गाडीत अजून चालू आहे.

आता या शहराचं एक मत असं आहे, की ज्यासाठी आडनाव विचारावं लागत नाही. पाण्याचं. नाथसागर जलाशय पन्नास-साठ किलोमीटरवर आहे, पण नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नाही, हे जुन्या जालन्याच्या पाहुण्यालाही ठाऊक आहे. डिसेंबर 2020 मध्ये 1,680 कोटींच्या योजनेचं भूमिपूजन झालं; पुढं तिचा आकडा 2,740 कोटींवर गेला. पैठण गेटपासून सिडकोपर्यंत यावर एकच मत, आणि म्हणूनच त्याला राजकारणात काडीची किंमत नाही. सगळ्यांचंच मत असलं की ते कुणाच्याच बाजूचं राहत नाही. त्याचे फॉर्म कोण छापणार, टेबल कुणाविरुद्ध लावणार? त्यात एप्रिल 2020 ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढं पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार पाहत होते. शहराला नाव कोणतं हवं हे विचारलं गेलं, नगरसेवक कोण हवा हे मात्र विचारायचं राहून गेलं.

आमच्या गल्लीत सध्या एकाच गोष्टीवर मतभेद आहेत: पाणी मंगळवारी रात्री सुटेल की बुधवारी पहाटे. निवृत्त हेडक्लार्क काका मंगळवारच्या बाजूचे, पानवाला बुधवारच्या. हरकती व सूचना लाइनमनकडं द्यायच्या असतात. तो ऐकून घेतो, मान डोलावतो आणि चावी घेऊन पुढच्या गल्लीत जातो.