प्रमुख पाहुण्यांस एका पंचाचं पत्र

माननीय प्रमुख पाहुणे महोदय,


गेल्या शनिवारी आपण आमच्या कबड्डी स्पर्धेच्या उद्घाटनाला आलात, त्याबद्दल आभार. पत्रिकेत सहाची वेळ होती, आपण साडेआठला पोचलात. तेवढ्यात पोरांची अंगं चारदा गरम होऊन पाचदा गार पडली, बाकी काही बिघडलं नाही. मी त्या सामन्याचा पंच. आपल्या अंगरक्षकाने ज्याला "काका, जरा बाजूला" म्हणत मॅटच्या कडेला सरकवलं, तोच.

बुवा साळवींच्या तसबिरीला आपण हार घातलात आणि शेजारी वाकून विचारलंत, "हे कोण?" माईक चालू होता. ज्यांच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, महाराष्ट्र कबड्डी दिन साजरा करतो, ते हे. असो. मग भाषणात आपण म्हणालात, "कबड्डी काय आणि राजकारण काय, दोन्हीकडे पाय ओढतात." टाळ्या पडल्या. पहिली आमच्या अध्यक्षांची होती, कारण मांडववाल्याच्या बिलाचे पैसे आपल्याकडून यायचे आहेत. मीही वाजवली. पण घरी गेल्यावर झोप येईना. आपण आमच्या खेळाला नको इतका मोठेपणा दिलात, साहेब. आमचा खेळ अजून तेवढा पुढे गेलेला नाही.

वजनाचंच बघा. पुरुष गटात काटा ८५ किलोच्या पुढे गेला की गडी स्पर्धेबाहेर. वजनाच्या दिवशी पोरं पाण्याचा घोट घेत नाहीत, भर उन्हात स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारतात. परवा एकाने काट्यावर चढण्याआधी गळ्यातला ताईत काढून माझ्या हातात दिला. आपल्याकडे वजन असल्याशिवाय तिकीट मिळत नाही, आणि वजन कमी पडलं तर गाड्या वाढवतात म्हणे.

चढाईला आम्ही तीस सेकंद देतो आणि बोलायला एक शब्द. तोही एका दमात, पंचाच्या कानावर पडेल असा. मध्ये श्वास घेतला की दम मोडला, मागे फिरा. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणायचा, नाहीतर बाद. पाच वर्षं रिकाम्या चढाया करून शेवटच्या महिन्यात दम घेण्याची सोय आमच्या नियमात कुणी घातलीच नाही.

लॉबी मात्र आमच्याकडेही आहे. मॅटच्या दोन्ही कडांना एकेक मीटरची पट्टी. पण झटापट सुरू होईपर्यंत ती मैदानात धरत नाहीत. कुणाला शिवण्याआधी तिच्यात पाय पडला की गडी बाद. आपल्याकडे सगळा खेळ लॉबीतच होतो आणि मधलं मैदान सभेसाठी राखून ठेवतात, हे मला जरा उशिरा कळलं.

बोनसही आहे. समोर सहा किंवा जास्त गडी उभे असतील तरच, एक पाय रेषेपलीकडे टेकवून दुसरा हवेत ठेवायचा. मिळतो एक गुण. २०२४ च्या विधानसभेला महिलांना दरमहा १५०० रुपयांवरून बोली सुरू झाली. सत्ताधाऱ्यांनी ती २१०० वर नेली, विरोधकांनी ३००० वर. दोन्ही संघांचे दोन्ही पाय हवेत. असा बोनस मी आयुष्यात दिलेला नाही.

बाद झालेला आमचा गडी बाहेर बसतो. त्याच्या जोडीदाराने समोरचा एक मारला की तो जिवंत होतो, आणि तेही रांगेने: जो आधी मेला तो आधी आत. आपल्याकडे विधानसभेत मेलेला विधान परिषदेतून जिवंत होऊ शकतो. दहा-दहा वर्षं सतरंज्या उचलणारे त्या वेळी बाकावरच असतात आणि टाळ्या वाजवतात.

आता मध्यरेषेविषयी. आमचा गडी रेषा ओलांडून एकटा पलीकडे जातो, सात जणांत. कुणी घोटा धरतो, कुणी कमरेला मिठी मारतो, दोघं हातात हात घालून साखळी टाकतात. (आपल्या युतीतही हात धरतात, पण ते वर करून, कॅमेऱ्याकडे बघत. आमच्या साखळीतले हात मांडीच्या खाली असतात, कारण पलीकडून आलेल्याला खरंच धरायचं असतं.) या सगळ्यातून बोटाचं टोक जरी रेषेला लागलं तरी गुण त्याचा. परत आला नाही, तर मेला. एवढाच आमचा खेळ आहे, साहेब. परत येण्याचा.

आपल्याकडे परत न येणाऱ्याला खातं मिळतं. २०२२ आणि २०२३ साली या राज्यात दोन मोठ्या संघांचे बहुतेक गडी पलीकडे गेले आणि तिथूनच म्हणाले, संघ म्हणजे आम्हीच. निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह त्यांच्या हवाली केलं. मागे राहिलेल्यांपैकी एकाने मशाल घेतली, दुसऱ्याने तुतारी. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात आधी एक तृतीयांश फुटले तर चालत असे. २००३ साली ते दार लावलं आणि दोन तृतीयांशांनी विलीन होण्याची खिडकी उघडी ठेवली. सात गड्यांना हे कसं लावायचं म्हणून मी गुणपत्रिकेच्या मागे पेन्सिलीने हिशेब केला. ४.६७ गडी आले. पाचव्या गड्याचा उरलेला ०.३३ कुणी राखायचा, यावर अजून अडलोय.

लिलाव आमच्याकडेही सुरू झाला, हे कबूल करतो. २०१४ साली, प्रो कबड्डीत. राकेशकुमारला पाटण्याने १२ लाख ८० हजारांना घेतला. पण तो भर सभेत, हातोडी आपटून. आकडा सगळ्या देशाला कळला आणि घेतलेला गडी त्याच संघाची जर्सी घालून मैदानात उतरला. २०२२ च्या आमदारांसारखं कोणी त्याला आधी गुवाहाटीच्या हॉटेलात नेऊन ठेवलं नव्हतं.

शेवटी एक कामाची गोष्ट. फोटोसाठी आपण नारळ फोडून एक चढाईही केलीत. पायातले बूट तसेच ठेवून मध्यरेषा ओलांडलीत, तीनदा "कबड्डी" म्हणालात, एका पोराच्या खांद्याला हात लावलात. पोरं हसत बाजूला झाली. कुणी धरलं नाही. मग आपण तसेच सरळ पुढे निघालात, शेवटच्या रेषेवरून खाली उतरलात, कारण गाडी त्या बाजूला लावली होती.

टेबलावरच्या मुलाने मला विचारलं, "सर, काय लिहू?" मी नियमाप्रमाणे लिहायला सांगितलं. तेव्हा आमच्या गुणपत्रिकेत आपण अजून बाद आहात. जिवंत व्हायचं असेल तर आपल्या बाजूच्या कुणीतरी येऊन एक गडी मारावा लागेल. पुढच्या शनिवारी संध्याकाळी सहाला अंतिम सामना आहे. सहा म्हणजे सहा.

आपला नम्र,
एक पंच
(मॅटच्या कडेचा)