बघून ठेवलेलं बरं

कोल्हापुरात घर विकायला काढलं की आधी भावकीला कळतं आणि मग तात्यांना. एजंटाचा नंबर त्यांच्यानंतर लागतो. छोट्या जाहिरातीत 'कळंबा रस्ता, रो-हाऊस, त्वरित विकणे' एवढंच छापलेलं असतं. पत्ता नसतो, मालकाचं नाव नसतं. तरी रविवारी सकाळी दहाला तात्या बरोबर त्याच फाटकाशी उभे असतात. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बगलेत रेक्झिनची बॅग आणि मागं अख्खं वडाप भरेल इतकी माणसं. त्यात काकू असतात, मेहुणे असतात, मेहुण्यांचे साडू असतात, आणि वास्तुशास्त्रातलं कळणारे एक अबोल गृहस्थ असतात. हे गृहस्थ प्रत्येक खोलीच्या मधोमध उभे राहून होकायंत्र काढतात आणि मान हलवतात. ती मान होकाराची की नकाराची, हे आजवर कुणाला समजलेलं नाही.

तात्यांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते एकटे नाहीत. राजारामपुरीत एक आहेत, शाहूपुरीत एक आहेत, कसबा बावड्यात तर दोघे सख्खे भाऊ आहेत आणि एकमेकांना न सांगता तीच घरं वेगवेगळ्या रविवारी बघून येतात. माझ्या माहितीतले तात्या शिवाजी पेठेतले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीत होते तेव्हापासून घर बघतायत. घेतलेलं नाही.

त्यांची बघण्याची पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे. भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करून आत वीट आहे की ब्लॉक ते सांगतात. सगळे नळ एकदम सोडून धार बघतात. पूर्वी त्यांचा एक हुकमी प्रश्न होता, "थेट पाईपलाईन झाली तर ह्या भागाला पाणी येणार काय?" या प्रश्नाला कोल्हापुरात कुणाकडेच उत्तर नसल्यानं मालक आपोआप नरम पडायचा. २०२३च्या दिवाळीत त्या पाईपलाईननं काळम्मावाडी धरणाचं पाणी खरोखरच शहराकडं आलं आणि तात्यांचा एक चांगला प्रश्न वाया गेला. त्या दिवाळीत सगळं गाव खूश होतं, तात्या जरा गप्प होते.

नदीच्या अंगाचं घर असलं की ते खुलतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. कितव्या फुटाला कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, हे तात्यांना पाठ आहे.

"२०१९ला कुठवर आल्तं?"

"आमच्याकडं? छे हो. पायरीपर्यंत."

"आन् २०२१ला?"

"तवाबी पायरीपर्यंतच."

"फाटकाच्या पायरीपर्यंत का जिन्याच्या?"

मालक च्या सांगायला आत जातो. तेवढ्यात तात्या मेहुण्यांच्या मदतीनं लोखंडी कपाट वीतभर सरकवतात आणि मागच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीची मातकट रेघ शोधून काढतात. मालक बाहेर आला की त्याला रागवत नाहीत. फक्त १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५५वं कलम सांगतात. विकणाऱ्यानं सहजी न दिसणारा दोष आपणहून सांगायचा, आणि मागितले की मालकीचे कागद पुढं ठेवायचे. "इंग्रजाच्या काळापासनं हाय, साहेब." कलम खरं आहे. त्यात घेणाऱ्याचीही कर्तव्यं आहेत, पण घर बघायच्या आधी खिसा दाखव, असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही. तात्यांची सगळी रविवारची करमणूक या न लिहिलेल्या ओळीवर उभी आहे.

कागदांपाशी आले की ते धोकादायक होतात. एकदा मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घरात त्यांनी प्रॉपर्टी कार्ड चष्मा वर करून वाचलं आणि अगदी सहज विचारलं, "बहिणींची हक्कसोडपत्रं झाल्यात न्हवं?" मालकाची बहीण त्याच वेळी समोर बशीत च्या ओतत होती. तिनं विचारलं, "कसलं हक्कसोड?" तात्यांनी समजावून सांगितलं, की २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. बशी खाली ठेवली गेली. तात्या निघाले तेव्हा आत तिघंजण एकदम बोलत होते. ते घर अजून विकलं गेलेलं नाही. भाऊबीजही बंद आहे म्हणतात.

खरं गिऱ्हाईक कसं ओळखावं, हे मला तात्यांकडं बघून कळलं. खरं गिऱ्हाईक घासाघीस करतं. पाच मिनिटांत बघतं, तोंड वाकडं करतं आणि पायताण घालता घालता दहा लाख पाडून मागतं. तात्या तासभर बसतात, सगळे दोष सांगतात, पण किमतीला कधी हात लावत नाहीत. "पासष्ट? बरोबर हाय की. जास्त न्हाई." मालक हरखतो. तात्या जाताना म्हणतात, "बघून ठेवतो. बघून ठेवलेलं बरं असतंय." आणि त्या घराची बाब तिथं संपते.

हे सगळं चालून गेलं असतं. पण कळंबा रस्त्याचं जे रो-हाऊस म्हणालो, ते आमच्या शेजारच्या साहेबांचं. साहेब बँकेत शाखाधिकारी होते. तारण बघितल्याशिवाय त्यांनी कुणाला खुर्चीसुद्धा दिली नव्हती, आणि आता प्रत्येक रविवारी अनोळखी माणसं त्यांच्या बेडरूममध्ये उभी राहून पलंग कुठल्या दिशेला आहे यावर चर्चा करत होती. वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "घर विकून जे येईल ते येऊ दे, दुधाचं बिल कोण देणार?"

साहेबांनी फाटकावर पाटी लावली: घर पाहण्यापूर्वी ऐपतीचा पुरावा दाखवावा. खाली बारीक अक्षरात: बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र किंवा सहा महिन्यांचा खातेउतारा. त्यांच्या अमेरिकेतल्या मुलानं फोनवर सांगितलं होतं, की तिकडं बँकेचं पत्र हातात नसेल तर कित्येक एजंट गाडीतसुद्धा बसवत नाहीत. हिशेबही साहेबांकडं तयार होता. पासष्ट लाखांच्या घरावर बँक फार तर ८० टक्के, म्हणजे ५२ लाख देणार. वरचे १३ लाख आणि मुद्रांक शुल्क खिशात नसेल, तर हा माणूस माझ्या वॉश बेसिनला हात का लावतो?

साहेबांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मुलगी दाखवायच्या आधी आपण मुलाचा पगार, शेती, डोक्यावरचं कर्ज, सगळं विचारतो, आणि मगच कांदे चिरायला घेतो. तिथं कुणाला लाज वाटत नाही. घराच्या बाबतीत मात्र 'पैसे आहेत का' असं विचारलं, की समोरच्याच्या बापजाद्यांना विचारल्यासारखं होतं.

तसंच झालं. कागलकडचे एक शेतकरी आले, त्यांना आपण अण्णा म्हणू. पोरीला शिकायला कोल्हापुरात ठेवायची म्हणून घर हवं होतं. त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली. "खातेउतारा कशाला? बँकेत काय ऱ्हातंय व्हय आमचं? ऊस गेला, बिल आलं, की सोसायटी आधी कापून घेतीया. ऱ्हायलेलं शेतात." साहेब म्हणाले, नियम आहे. अण्णा म्हणाले, "माझ्या बाला कुणी पासबुक मागिटलं न्हाई," आणि गाडीला किक मारली. हुपरीचे एक चांदीवाले आले, त्यांचं भांडवल चांदीत अडकलेलं. ते हसून म्हणाले, "साहेब, उताऱ्यात चांदी दिसत न्हाई." आणि तेही गेले. पुण्यातल्या एका आयटीवाल्या मुलानं मोबाइलवरून दहा मिनिटांत तत्त्वतः मंजुरीचं पत्र पाठवलं. साहेबांनी ते दोनदा वाचून कौतुक केलं. तो मुलगा पुढं आलाच नाही. असलं पत्र त्यानं पुण्यातल्या किती घरांना पाठवलं होतं, देव जाणे.

खरा धक्का तात्यांनी दिला. रविवारी दहाला ते हजर. साहेबांनी पाटीकडं बोट दाखवलं. तात्यांनी बॅग उघडली. तीन बँकांची मंजुरीपत्रं, तारखेनुसार लावलेली. सिबिलचा कागद, ९०० पैकी ८१२. ठेवींच्या पावत्यांच्या प्रती, खातेक्रमांकावर काळं फासून, कारण तात्या कुणालाही पूर्ण क्रमांक देत नाहीत. आधार कार्डसुद्धा शेवटचे चार आकडे सोडून झाकलेलं. साहेबांनी नोकरीत इतकी नीट फाईल पाहिली नव्हती. त्यांचे डोळे पाणावले म्हणतात, पण ते वहिनींनी सांगितलंय.

म्हणजे तात्यांकडं पैसे होते. तेच तर कुणाला वाटलं नव्हतं. ऐपतीचा दाखला बँक देते. घेणार आहे की नाही, याचा दाखला कोण देणार? त्यासाठी आपल्याकडं इसाराची जुनी रीत आहे, पण इसार बघितल्यानंतर द्यायचा असतो, आधी नाही. माझं मत साहेबांना मी तेव्हाच सांगितलं होतं. पहिल्या भेटीला नाव, फोन आणि एक ओळखपत्र विचारा, घरात दोघंच असता. कर्ज काढणार की जुनं घर विकून घेणार, हे फोनवरच विचारून घ्या. बँकेचं पत्र दुसऱ्या भेटीला मागा, आणि प्रॉपर्टी कार्डाच्या झेरॉक्स त्याच्यानंतर द्या. खातेउतारा तर मागूच नका. परक्याच्या किराण्याचा हिशेब वाचून आपल्याला काय करायचंय. साहेबांनी ऐकून घेतलं आणि पाटी तशीच ठेवली.

तात्या घर का घेत नाहीत, हे त्या दिवशी च्या पिता पिता बाहेर पडलं. शिवाजी पेठेत त्यांचा वडिलोपार्जित वाडा आहे. तीन भाऊ, त्यांच्या वाटणीला अडीच खोल्या आणि एक सामाईक मोरी. वाटणीचा दावा कोर्टात आहे. वकिलानं पहिल्याच दिवशी बजावलं, की दुसरीकडं राहायला गेलात तर भाऊ म्हणणार, तात्यांना गरज नाही. ताबा सोडला तर हिस्सा धुऊन जाईल. म्हणून तात्या अडीच खोल्यांत पाय रोवून बसले आणि ठेवींवर व्याज साठत गेलं. ऑगस्ट २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हा सगळ्या वकिलांनी साखर वाटली. तात्यांच्या थोरल्या भावानंही वाटली. आता अपिलाला मुंबईला जायचा एसटीचा खर्च वाचणार होता, म्हणजे भांडण आणखी एक पिढी निवांत चालणार.

काकू एवढा वेळ गप्प होत्या. त्यांनी साहेबांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून विचारलं, "इथं सकाळचं ऊन येतंय काय?" वहिनी म्हणाल्या, येतं. काकू म्हणाल्या, "आमच्याकडं दिराच्या भिंतीनं अडतंय." मग वहिनींनी दुधाचं बिल विसरून पुन्हा आधण ठेवलं.

पुढचं तात्यांनी केलं. अण्णा परत गेले, हे ऐकून त्यांना राहवेना. कागल तालुक्यात त्यांचा एक जुना कॅनॉल इन्स्पेक्टर मित्र होता. त्यानं सांगितलं, माणूस शब्दाचा पक्का, विहिरीला पाणी, भावाभावांत वाद नाही. तात्या साहेबांकडं आले आणि म्हणाले, "त्येचं पासबुक मागू नका. मी सांगतोय न्हवं." आमच्याकडं ऐपतीचा पुरावा हा असा असतो, त्यावर शिक्का नसतो. साहेबांनी बरेच दिवस विचार केला आणि अखेर पाटी काढली.

अण्णा इसाराला आले ते गोणपाटाच्या पिशवीत एक लाख रोख घेऊन. साहेबांच्या कपाळाला घाम फुटला. तात्यांनी पिशवीचं तोंड बांधून टाकलं. जमिनीच्या किंवा घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड, २०१५पासूनचा नियम आहे. "अण्णा, बँकेतनं पाठवा. साहेबांस्नी ह्या वयात नोटीस नको." किंमत ५० लाखांच्या वर, म्हणून एक टक्का टीडीएस कापून भरायचा तो अण्णांनीच, हेही त्यांनी सांगितलं. घर बायकोच्या नावावर घ्या, बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, म्हणजे सरळ ६५ हजार वाचले, हे ऐकल्यावर मात्र अण्णांनी प्रथमच बायकोकडं आदरानं बघितलं. एजंट नव्हताच, तात्यांनी कमिशन घेतलं नाही. अण्णांनी पाच किलोची गुळाची ढेप दिली, ती घेतली.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ओळख पटवायला माणसं लागतात. तात्या नवा शर्ट घालून आले होते. कॅमेऱ्यासमोर बसायच्या आधी त्यांनी भांग पाडला, अंगठा दिला, सही केली. खरेदीखतावर त्यांचं नाव आलं ते असं. बाहेर आल्यावर त्यांनी साहेबांना बाजूला घेतलं आणि बॅगेतली वही काढली.

"साहेब, पैसे आले. आता तुम्ही फ्लॅट बघणार न्हवं? नागाळा पार्कात एक हाय. लिफ्ट हाय. २०१९ला पाणी पार्किंगपर्यंतच, मी स्वतः रेघ बघितल्या. रविवारी दहाला या. मालकीणबाई च्या चांगला करत्यात."