बंदी असलेल्या झाडाचा माळी

ओहायो राज्यात ७ जानेवारी २०१८ पासून एक नियम लागू आहे. ठरावीक यादीतल्या वनस्पती कुणी विकायच्या नाहीत, त्यांची रोपं करायची नाहीत आणि ती वाटायचीही नाहीत. त्या यादीतलं एक झुडूप मी आमच्या डेटनच्या घरामागे लाडानं वाढवलं, त्याची रोपं केली आणि ती घरोघर पोचवली. विकायचं तेवढं राहिलं. तेही मला व्यवहार जमत नाही म्हणून, कायद्याच्या आदरापोटी नव्हे.

झुडपाचं नाव अमूर हनीसकल. घर घेतलं तेव्हा ते कुंपणाशी गुडघाभर उंचीचं उभं होतं. तोवर माझ्या हातून तुळस गेली होती, कढीपत्ता गेला होता, आणि ‘हा मरतच नाही’ असं दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलेला निवडुंगही गेला होता. अशा माणसाच्या अंगणात एखादं झाड तरारतं तेव्हा तो त्याचं श्रेय मातीला देत नाही.

मे महिन्यात त्याला जोडीजोडीनं पांढरी फुलं आली. उमललेली फुलं हळूहळू पिवळी होत, त्यामुळे एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसायचे. साताऱ्याहून आलेल्या आईनं वास घेऊन निकाल दिला, “जुईच आहे रे. इकडच्या खाण्यानं जरा अंगानं सुटलीय.” रोज सकाळी देवापुढे फुलं जाऊ लागली. मग तर माझ्या सेवेला धार्मिक अधिष्ठानच मिळालं.

मी वाचून काढलं की हनीसकलची फुलं जुन्या फांद्यांवर येतात, म्हणून छाटणी बहर ओसरल्यावर लगेच करायची. केली. झुडूप दुप्पट जोमानं फुटलं. गांडूळखत घातलं, बुंध्याशी लाकडाचा भुसा पसरला. नोव्हेंबरात मेपल उघडेबोडके झाले तरी हे हिरवंच. एवढं कोवळं पोर थंडीत कुडकुडेल म्हणून मी त्याला सोलापुरी चादर पांघरली. हे झाड सायबेरिया आणि मांचुरियाच्या सीमेवरून वाहणाऱ्या अमूर नदीच्या मुलखातलं आहे आणि उणे तीस अंशांत मजेत राहतं, हे मला नंतर कळलं. “नवी होती ती चादर,” एवढंच बायको म्हणाली.

खरा पराक्रम संक्रांतीला झाला. उन्हाळ्यात खोचलेल्या फांद्यांना मुळं फुटली होती. प्लॅस्टिकचे डबे वाटण्यापेक्षा यंदा हळदीकुंकवाला रोपांचं वाण देऊ, पर्यावरणाचीही सेवा होईल, अशी कल्पना मी मांडली. मराठी मंडळातल्या बायकांनी तोंडभरून कौतुक केलं. परदेशात बाग कशी फुलवावी, यावर मी बोलावं असाही आग्रह झाला. मी बोललो. सविस्तर बोललो.

एक रोप उरलं होतं, ते शेजारच्या आजोबांना नेऊन दिलं. ते जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. त्यांनी कुंडी फिरवून पाहिली, एक काडी मोडली आणि तिचं टोक माझ्यापुढे धरलं. “आतून पोकळ आहे. इथल्या देशी झुडपी हनीसकलची काडी भरीव असते.” मग अगदी सौम्यपणे म्हणाले, “माझे सगळे शनिवार जंगलातून हे झाड उपटण्यात जातात. दर वसंतात माझ्या अंगणात ही रोपं कुठून येतात, याचं मला कोडं होतं.” कोडं त्यांच्या दारात उभं होतं, हातात कुंडी घेऊन.

झाडाचे प्रताप त्यांनी मला ऐकवले. वसंतात याला सगळ्यांआधी पानं येतात आणि शरदात सगळ्यांनंतर गळतात. त्यामुळे ट्रिलियमसारख्या जंगलातल्या रानफुलांच्या वाट्याला ऊनच उरत नाही. लालचुटूक फळं पक्षी आवडीनं खातात आणि बिया गावभर टाकतात. त्या फळांत साखर भरपूर, पण चरबी कमी. लांबच्या प्रवासाला निघालेल्या पक्ष्यांना हवी असते चरबी.

आता वाण परत आणायचं होतं. बायकोनं हात झटकले. “वाण दिलं की दिलं. परत मागायला तू जा.” गेलो. पहिल्याच घरी वहिनी ओशाळून म्हणाल्या, “भावजी, काय सांगू, पाणी घालायचं राहिलं. मेलं हो तुमचं रोप.” माझ्या तोंडून निघून गेलं, “वा! अभिनंदन!” त्या घरी चहा मिळाला नाही. दुसऱ्या घरी रोप जमिनीत लागलं होतं, फोफावलं होतं, आणि मीच भाषणात सांगितल्याप्रमाणे त्याला भुसा घातला होता. तिथं मला फावडं स्वतःच्या घरून आणावं लागलं.

घरचं मूळ झुडूप मी करवतीनं जमिनीलगत कापलं आणि हात धुतले. थोड्याच दिवसांत त्या खुंटातून रक्तबीजासारखी फौज उभी राहिली. आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, “नुसतं कापणं म्हणजे त्याची छाटणीच.” मग शरदात पुन्हा कापलं आणि कापल्याबरोबर खुंटावर तणनाशक लावलं, तेव्हा कुठे ते थांबलं.

यात एकच दिलासा मिळाला. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या सरकारी मृदसंधारण खात्यानंच या झुडपाची जात निवडून तिचा प्रसार केला होता. जमिनीची धूप थांबेल आणि पक्ष्यांना खाऊ मिळेल हा हेतू. म्हणजे माझी बुद्धी थेट केंद्र सरकारच्या तोडीची निघाली. फरक इतकाच, की त्यांनी चादर पांघरली नव्हती.

आता त्या जागी इथलाच देशी हनीसकलचा वेल आहे. त्याच्या लाल नळीदार फुलांवर हमिंगबर्ड येतात. शेजारी स्पाइसबुश हे देशी झुडूप लावलंय. दोघंही बेताबेतानं वाढतात. नखरे करतात, रुसतात, म्हणजे माझ्या हाताला शोभतात.

तेव्हा अमेरिकेत घर घेणाऱ्या मराठी बांधवांनो, कुंपणाशी सगळ्यांआधी हिरवं होणारं झुडूप दिसलं तर आधी एक काडी मोडून बघा. पोकळ निघाली तर लहान रोपं पाऊस पडून गेल्यावर मुळासकट उपटा, मोठ्यांसाठी शरदात करवत आणि तणनाशक काढा. आणि तुमच्या हाताला झाडं लागत नसताना एखादं झाड लागलंच, तर कौतुक स्वीकारण्याआधी त्याचं नाव विचारून घ्या.