सातही वार मौन पाळणाऱ्या बझरास

प्रति,
श्रीयुत बझरसाहेब,
मुक्काम : मल्टिमीटरचे पोट.

सा. न. वि. वि.

आपल्या विनयाला तोड नाही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 च्या वर जातो, दुरुस्तीच्या दुकानात कुलरांची रांग लागते. एक कुलर घरघरत असतो, शेजारी नवी तार भरलेली पंपाची मोटार चाचणीला लावलेली. त्या गोंगाटात आम्ही वायंडिंगच्या दोन टोकांना प्रोब टेकवतो. डोळे प्रोबवरच राहावेत, स्क्रीनकडे मान वळवताना हात सटकू नये, एवढ्याचसाठी आपली नेमणूक: तार सलग असली की वाजायचे. आणि आपण पुटपुटता! ते ऐकू आले नाही की तार तुटली असे समजून चांगली वायंडिंग उसकटली जाते. हिंगणघाटच्या जिनिंगात यंत्रे सुरू असताना तर आपण बोललात की नाही, हे आपल्यालाच ठाऊक.

सेवाग्राम इथून जवळच. 1936 पासून तिथे राहिलेले बापू सोमवारी मौन पाळत, पण सांगायचे ते चिठ्ठीवर लिहून देत. आपले मौन सातही वार, आणि चिठ्ठीच्या जागी साधा लाल दिवाही नाही. त्याच आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगोंनी टेलिफोन बसवून दिला होता. ब्रिटिश सरकारलाही पलीकडचे ऐकावेसे वाटले. आपल्या कारखानदाराला वाटत नाही.

दोष आपल्या गळ्याचा नाही, हेही मान्य. आपण म्हणजे पितळी चकतीवर चिकटवलेला सिरॅमिकचा पातळ थर. व्होल्टेज मिळाले की वाकायचे, त्यातून आवाज. पण वाकायला मोकळीक हवी ना! पूर्ण पाठ गोंदाने मीटरच्या ढक्कनाला चिकटवली तर कोण बोलेल? चकती फक्त कडेने धरावी, पुढे थोडी पोकळी सोडावी, ढक्कनाला बारीक भोक पाडावे. पोकळी आणि भोक चकतीच्याच सुरात जुळले की आवाज खुलतो. चकतीच्या दोन्ही टोकांना आलटूनपालटून वीज दिली तर व्होल्टेजचा झोका दुप्पट होतो, म्हणजे सुमारे 6 डेसिबलची कमाई. काही बझरांच्या तोंडावर कारखान्यातच कागदी चिकटपट्टी असते, बोर्ड धुताना पाणी शिरू नये म्हणून. ती काढायची राहून गेली असेल, तर आपल्याला बोळा घालून नोकरीवर पाठवले म्हणायचे.

सूरही जरा खाली आणा. वय वाढले की आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात, आणि आमच्या धंद्यात कान वयाची वाट पाहत नाहीत.

ढक्कनाला भोक पाडायचे, तर आधी प्रोब आणि बॅटरी काढूनच. आणि असे भोकाचे मीटर पुढे 415 व्होल्टच्या थ्री-फेजवर न्यायचे नाही. भोक आवाजाला वाट देते, तशी विजेलाही. मीटर स्वस्त आहे, हात नाही.

कळावे.

आपला,
एक मोटार भरणारा, वर्धा

ता. क. बॅटरी उतरली की आपण आणखी हळू बोलता, म्हणून नवी घालून पाहू. तरीही पुटपुटलात, तर पुढचे मीटर घेताना दुकानदाराला आधी त्याचा कुलर फुल्लवर लावायला सांगू आणि मगच प्रोब एकमेकांना टेकवू.