मोडी, नागमोडी आणि बाळबोध

ऑफिसात नुकतीच लागलेली मुलगी माझ्या कोडवर बोट ठेवून म्हणाली, "सर, ही नागमोडी कशासाठी?"

जुन्या कुस्तीचा विषय निघाल्यावर निवृत्त पहिलवान सरसावतो, तसा मी सरसावलो. जावास्क्रिप्टमध्ये आकड्याची अपूर्णांकाची शेपटी उडवायला 'मॅथ डॉट फ्लोअर' आहे. पण ते वाचलं की लगेच कळतं, म्हणून मला ते कमीपणाचं वाटायचं. आकड्याआधी दोन नागमोडी चिन्हं टाकली की तेच काम होतं आणि वेगानं होतं, असं मी कधीकाळी ऐकलं होतं. किती वेगानं, ते मोजलं नव्हतं. प्रसाद कोणी तोलून घेतं का?

"पण सर, बिल्डरचं बिल उणे आलंय."

बिल होतं दोन कोटी पंधरा लाखांचं. हिशेब आम्ही पैशांत ठेवतो, म्हणजे २,१५,००,००,००० पैसे. नागमोडी आकड्याला आधी ३२ बिटांच्या पोत्यात कोंबते, आणि त्या पोत्यात २,१४,७४,८३,६४७ च्या वर एक पैसा मावत नाही. कोंबलाच तर आकडा उलटा होऊन खालून बाहेर पडतो. बिल निघालं उणे २,१४,४९,६७२ रुपये ९६ पैसे. बिल्डरच्या अकाउंटंटनं फोन करून अत्यंत अदबीनं विचारलं, "पैसे कधी जमा करताय?"

माझे पणजोबाही वेगासाठी बाळबोध सोडून मोडी लिहीत. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरं पळवायची. वेग झकास! आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात त्या कागदांचे रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत आणि वाचणारे मोजके. माझा कोड तर सहा महिन्यांत मलाच लागेनासा होतो. 'क', 'ख' अशी आखूड नावं मी वेगासाठीच द्यायचो. पण ब्राउझरकडे पाठवण्याआधी ती आखडण्याचं काम हल्ली यंत्रच करतं.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७४ सालीच सांगून ठेवलंय की साधारण ९७ टक्के ठिकाणी असल्या बारीकसारीक काटकसरीचा विचारही करू नये. उरलेले ३ टक्के महत्त्वाचे, हेही त्यांनीच सांगितलं. आपण त्या तिनात आहोत, याबद्दल एकाही प्रोग्रामरला शंका नसते.

"फ्लोअर घातलंस तर पान रखडेल," मी शेवटचा डाव टाकला. तिनं सर्व्हरचा लॉग उघडला. पानावर २०० बिलं. ती आणायला डेटाबेसकडे एक फेरी, आणि मग प्रत्येक ग्राहकाचं नाव विचारायला वेगळी फेरी. आईनं अख्खी यादी हातात दिलेली असताना मी जिऱ्यासाठी एकदा, मोहरीसाठी एकदा, असा २०१ वेळा वाण्याकडे जात होतो. तेही धावत.

तिनं एकच फेरी ठेवली, नावं लांबलचक केली, फ्लोअर घातलं. पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. कोड तपासणीला माझ्याकडे आला. काहीतरी खोट काढायलाच हवी, म्हणून मी लिहिलं, 'जरा बाळबोध वाटतं.'

तिचं लगेच उत्तर आलं, 'थँक्यू, सर!'